रानावर जीव जडलेला मॅनेजर

प्रश्न : विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘आरण्यक’मधल्या सत्यचरणाचा रानावर एवढा जीव, मग तेच रान तो कुळांना वाटून मोडू कसं देतो? हे ढोंग नाही का?

उत्तर : मला ते ढोंग वाटत नाही. सत्यचरण आपला अपराध आरंभीच कबूल करतो. रान आपल्याच हातून गेलं, हे सांगूनच तो आठवणींना हात घालतो, आणि शेवटी वनदेवतांची क्षमाही मागतो. मधल्या प्रत्येक चांदण्या रात्रीचं वर्णन आपण हे ठाऊक असताना वाचतो, म्हणून ते इतकं जिव्हारी लागतं.

कादंबरी 1939 ची, पण अनुभव त्याआधीचा. लेखकाने 1920 च्या दशकात बिहारमध्ये, भागलपूरकडे, एका जमीनदारी इस्टेटीत नोकरी केली होती. ‘पथेर पांचाली’ही तिथल्याच मुक्कामात लिहिली. सत्यचरणही तसाच, इस्टेटीचा मॅनेजर म्हणून कलकत्त्याहून आलेला. सुरुवातीला त्या एकांतात त्याचा जीव गुदमरतो. कचेरीतले जुने गोष्ठबाबू सांगतात, की हे रान हळूहळू माणसाला धरतं, मग शहर नकोसं होतं. घडतंही तसंच. घोड्यावरून एकट्याने हिंडता हिंडता त्याला झाडं, माणसं नीट दिसू लागतात. सरस्वती कुंडाकाठी कुठकुठून रानवेली, फुलझाडं आणून लावणारा युगलप्रसाद त्यातलाच. त्यात त्याला एका पैचीही प्राप्ती नाही. हा काठ वाटणीतून वाचवायला सत्यचरण जमेल तितकी टाळाटाळ करतो. पण त्याला पगार मिळतो तो जमिनी लावून नजराणा आणि सारा वसूल करण्याचाच.

यात सगळा दोष जमीनदाराचा म्हणून मोकळं होता येत नाही. तिथली गंगोता माणसं चीना नावाच्या गवताच्या दाण्यांवर दिवस काढतात. भात मिळणार म्हटलं की मैलोन् मैल चालत येतात. विधवा कुंता कचेरीबाहेर पोरांसाठी उष्ट्या अन्नाची वाट बघत थंडीत उभी राहते. पुढे सत्यचरणच तिला नजराण्याशिवाय जमीन देतो. ती जमीनही रानातूनच निघालेली. तेव्हा तो चुकला, असं मला तरी म्हणवत नाही.

पुन्हा वाचाल तेव्हा कुंता आणि युगलप्रसाद यांची प्रकरणं लागोपाठ वाचून बघा. दोघांचीही बाजू एकदम घेणं किती अवघड आहे, ते तिथे कळतं.