मूकपटातील 'आपला मुलूख' आणि 'परका माणूस'

उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला :
- 'हाइमाट', 'मिरास' आणि 'उपरी' या शब्दांचे अर्थ स्पष्ट करता येतील.
- जर्मन पर्वतपट व मराठी मूकपट यांतील परक्याच्या भूमिकेची तुलना करता येईल.
- परकेपण जन्मावर अवलंबून असते की हक्कावर, याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बुलढाणा जिल्ह्यात 'तुम्ही कुठले?' या प्रश्नाला अनेकदा 'घाटावरचे' किंवा 'घाटाखालचे' असे उत्तर मिळते. चिखली, मेहकर, सिंदखेडराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. ही विभागणी मुळात अजिंठ्याच्या डोंगररांगेने केलेली आहे; परंतु सोयरीक जुळवताना किंवा थट्टा करताना तिला 'आपले' आणि 'तिकडचे' असा अर्थ येतो. भूमीच्या उंचसखलपणाला माणसांच्या गुणदोषांशी जोडण्याची ही प्रवृत्ती चित्रपटातही दिसते. मूकपटात तर माणसाची बोली ऐकूच येत नाही. प्रत्यक्ष जीवनात वऱ्हाडी माणूस पुण्यात तोंड उघडताच ओळखला जातो. मूकपटाला मात्र परका माणूस वेष, हालचाल आणि निसर्गदृश्य यांतूनच दाखवावा लागतो.

२. जर्मन पर्वतपट

मूकपटयुगाच्या अखेरच्या वर्षांत जर्मनीत 'पर्वतपट' हा प्रकार लोकप्रिय झाला. त्याचा प्रमुख दिग्दर्शक आर्नोल्ड फांक हा मुळात भूगर्भशास्त्राचा अभ्यासक होता. त्याच्या 'डेर हायलिगे बेर्ग' (पवित्र पर्वत, १९२६) या चित्रपटात लेनी रीफेनश्टालने नर्तकीची भूमिका केली. ही नर्तकी समुद्राची, तर तिच्यावर अनुरक्त झालेले दोघे मित्र पर्वताचे. तिच्यामुळे मित्रांत मत्सर जागा होतो. पुढे एक जण कड्यावर दोराला लोंबकळत राहतो. दुसरा दोर सोडून स्वतःचा जीव वाचवू शकला असता, पण तो मित्राची साथ सोडत नाही. दोघेही मरतात. निष्ठा, सहनशीलता आणि त्याग ही पर्वताची मूल्ये ठरतात. अस्वस्थता मात्र बाहेरून आलेल्या स्त्रीबरोबर येते. पुढे जीगफ्रीड क्राकाउअर या समीक्षकाने १९४७ मध्ये या पर्वतभक्तीचे नाझी मनोवृत्तीशी असलेले नाते दाखवले.

३. शब्दांची साक्ष

या चित्रपटांमागील 'हाइमाट' या शब्दाचा अर्थ आपण 'मायभूमी' असा करतो. परंतु जर्मन भाषक प्रदेशांत या शब्दाला पूर्वी कायदेशीर अर्थही होता : एखाद्या गावात राहण्याचा आणि विपन्नावस्थेत त्या गावाकडून साहाय्य मिळवण्याचा हक्क. भावनेच्या आधी हक्क होता, हे ध्यानात घ्या.

मराठीतही असेच घडले आहे. अरबी 'वतन' म्हणजे राहण्याचे ठिकाण, मायभूमी. मराठीत त्याचा अर्थ वंशपरंपरागत अधिकार व उत्पन्न असा झाला. सिंदखेडची देशमुखी हे जाधवरावांचे वतन होते. जुन्या महसूल व्यवस्थेत जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला कुणबी 'मिरासदार' आणि असा हक्क नसताना गावची जमीन कसणारा 'उपरी' म्हणवला जाई. आजच्या 'उपरा' या शब्दाचे नाते याच 'उपरी'शी आहे. म्हणजे आपल्या भाषेत परकेपणाची नोंद महसुलाच्या दप्तरातही झालेली आहे.

४. मराठी मूकपट : गड आणि शेत

मराठी मूकपटांत मायभूमीची दोन रूपे आढळतात. पहिले रूप गडाचे. बाबूराव पेंटर यांचा 'सिंहगड' (१९२३) आणि प्रभात फिल्म कंपनीचा 'उदयकाल' (१९३०) यांत सह्याद्री हा स्वराज्याचा आधार आहे आणि परका म्हणजे परकी सत्ता. 'उदयकाल'चे आधीचे नाव 'स्वराज्याचे तोरण' असे होते. ते ब्रिटिश सेन्सॉरला खपले नाही. शिवकालातील परक्यामागे प्रेक्षकांना समकालीन परका दिसेल, हे सत्तेने अचूक ओळखले होते.

दुसरे रूप शेताचे. पेंटर यांच्या 'सावकारी पाश' (१९२५) या चित्रपटाची कथा नारायण हरी आपटे यांची होती. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. सावकाराच्या कर्जापायी या शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात गिरणी कामगार होतो. येथे मोहक निसर्ग किंवा बाहेरून आलेली स्त्री यांना महत्त्व नाही. पर्वतपटाचा नायक मृत्यूनंतरही पर्वताचाच राहतो. हा शेतकरी जिवंतपणीच स्वतःच्या शिवारात उपरा होतो. त्याला परका करणारी वस्तू म्हणजे एक कागद.

५. एक सावधगिरी

येथे एक चूक टाळली पाहिजे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केले. सावकारांपैकी बरेच जण मारवाडी व गुजराती होते. त्यामुळे रोष 'बाहेरच्या माणसां'विरुद्ध होता असे वाटू शकते. परंतु उठाव करणाऱ्यांचे मुख्य लक्ष्य कर्जरोखे होते. ते हिसकावून जाळले गेले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानेही कर्जव्यवहारावरच नियंत्रण आणले. अन्यायाचे कारण व्यवहारात असताना दोष एखाद्या समाजाच्या जन्मस्थानाला देणे, ही मायभूमीच्या प्रेमातील सर्वांत मोठी फसगत होय. 'सावकारी पाश' या शीर्षकातील 'पाश' हा शब्द व्यवहाराकडे निर्देश करतो, हे अर्थपूर्ण आहे.

६. सारांश

पर्वतपटात परका माणूस बाहेरून येतो. 'सावकारी पाश'मध्ये हक्क गमावलेला आपलाच माणूस परका होतो. म्हणून 'हा कुठला?' या प्रश्नाबरोबर 'याचा हक्क कोणी घेतला?' हाही प्रश्न विचारावा लागतो. कामासाठी गाव सोडलेले तुमच्यातील अनेक जण हा प्रश्न अनुभवातून जाणतात.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. 'मिरासदार' आणि 'उपरी' यांतील भेद सांगून 'उपरा' या शब्दाच्या आजच्या अर्थाशी त्याचा संबंध स्पष्ट करा.

२. 'डेर हायलिगे बेर्ग' आणि 'सावकारी पाश' यांतील परकेपणाची तुलना करा.

उपक्रम : तुमच्या गावात बाहेरच्या माणसासाठी वापरले जाणारे शब्द घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. त्यांपैकी कोणते शब्द जागा दाखवतात, कोणते हक्क नाकारतात आणि कोणते केवळ हिणवतात, याचे वर्गीकरण करा.