कुंडीतील रबराच्या झाडाची छाटणी

घराच्या कोपऱ्यात कुंडीत लावलेले रबराचे झाड हे मुळात अरण्यातील महावृक्ष आहे, याचा आपणांस सहज विसर पडतो. फायकस इलॅस्टिका हे त्याचे शास्त्रीय नाव. वड, पिंपळ, उंबर हे त्याचे सगोत्र. मेघालयातील खासी लोक याच वृक्षाच्या जिवंत मुळांना वर्षानुवर्षे वळण देऊन ओढ्यांवर पूल तयार करतात. वळण लावून घेण्याचा हा गुण कुंडीतील झाडातही असतो. मात्र ते कसे लावावे हे समजले पाहिजे.

खोलीतील झाड बहुधा सरळ उंच वाढत जाते, खालची पाने गळतात आणि काठीच्या टोकावर पानांचा झुबका तेवढा उरतो. याचे कारण शेंड्यात आहे. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खोडातून खाली उतरते आणि पानांच्या बगलेतील कळ्यांना सुप्तावस्थेत ठेवते. शेंडा कापला की हा अटकाव दूर होतो व कापाच्या लगत खालच्या एक-दोन कळ्या फुटतात. म्हणून फांद्या जेथे हव्या असतील ते पेर आधी निश्चित करावे आणि त्याच्या किंचित वर धारदार, स्वच्छ कात्रीने काप घ्यावा. छाटणी म्हणजे केवळ उंची कमी करणे नव्हे. पुढील वाढीची जागा आपण त्या कापाने ठरवीत असतो.

कापातून पांढरा चीक वाहू लागतो. तो त्वचेला व डोळ्यांना त्रासदायक असल्याने हातमोजे घालावेत आणि ओल्या फडक्याने चीक टिपावा. छाटणीसाठी वाढीचा काळ, म्हणजे वसंतापासून पावसाळ्यापर्यंतचा, योग्य होय. छाटणीनंतर पाने कमी झाल्याने झाडाची पाण्याची गरजही घटते. तेव्हा माती वरून सुकल्यावरच पाणी द्यावे.

बारीक पानांच्या फायकस बेंजामिनाच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. निष्पर्ण केलेली त्याची फांदी पुष्कळदा वाळून जाते; म्हणून प्रत्येक फांदीवर काही पाने राखावीत.

यानंतरही कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यातच राहिली, तर नवे फुटवे पुन्हा लांबट व दुबळे निपजतील. कात्री फांदीची जागा ठरविते. ती सशक्त होणे मात्र प्रकाशावर अवलंबून असते. म्हणून कात्री हाती घेण्यापूर्वी कुंडी खिडकीजवळ न्यावी.