प्रश्न आधी, पडदा नंतर : वर्गाध्यापनातील डिजिटल साधनांचा विचार

वर्गात पडदा आला, प्रोजेक्टर आला, इंटरनेटची जोडणी झाली, की शाळा ‘डिजिटल’ झाली असे आपण सहज म्हणतो. पालकांना त्याचा आनंद होतो आणि तो स्वाभाविक आहे. ज्या घरांत पुस्तकही उशिरा पोहोचले, त्या घरांतील मुलांपुढे आज जगाचे ग्रंथालय उघडले आहे. परंतु केवळ पडदा लावल्याने अध्यापन बदलते काय, हा प्रश्न निवासी शाळेने तरी टाळू नये. वसतिगृहातील बहुतेक मुलांच्या हाती स्वतःचा मोबाइल नसतो, बाहेरची शिकवणीही नसते. पडद्यासमोर मिळणारा एखादा तास वाया गेला, तर त्याची भरपाई त्यांना अन्यत्र करता येत नाही. म्हणून तो तास कसा योजावा, याचा विचार येथे तीन पाठांच्या आधारे करावयाचा आहे.

थोडी पूर्वपीठिका

दृक्-श्राव्य साधनांनी शिकवण्याचा प्रयोग आपल्या देशाला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवण्यात आले. ‘साइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या उपक्रमात शाळकरी मुलांसाठीही कार्यक्रम होते. पुढे १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार होऊ लागले. या साधनांना एक मोठी मर्यादा होती. कार्यक्रम ठरल्या वेळी लागे आणि एकाच गतीने पुढे जाई. एखाद्या मुलाला शंका आली म्हणून तो थांबत नसे.

आज ती मर्यादा उरलेली नाही. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापले गेले. त्या कामातील अग्रेसर शिक्षक, सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. आता पाठ हवा तेथे थांबवता येतो, मागे नेता येतो, पुन्हा पाहता येतो. मर्यादा गेली, पण जुनी सवय मात्र राहिली. चित्रफीत लावली जाते, मुले निमूटपणे पाहतात, शिक्षक बाजूला उभे राहतात आणि घंटा होते. अशा तासात विद्यार्थ्याचा प्रेक्षक होतो.

पहिला पाठ : त्रिकोणाचे कोन

‘जिओजेब्रा’ हे गणिताचे सॉफ्टवेअर मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात विकसित करण्यास आरंभ केला. शाळेला ते विनामूल्य वापरता येते आणि संगणकावर एकदा बसवले की इंटरनेटवाचूनही चालते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज शिकवताना ते लगेच उघडू नये. आधी प्रत्येक मुलाने वहीत आपल्या मनाचा त्रिकोण काढावा आणि कोनमापकाने कोन मोजून बेरीज फळ्यावर लिहावी. कोणाची १७८ अंश येईल, कोणाची १८१. मग शिक्षकांनी विचारावे, ‘हा फरक त्रिकोणांचा आहे की आपल्या मोजण्याचा?’

हा प्रश्न वर्गात उभा राहिला, की पडदा उघडावा. एका मुलाला पुढे बोलावून त्रिकोणाचा शिरोबिंदू त्याच्याच हाताने सरकवू द्यावा. त्रिकोण पसरतो, आक्रसतो, पण बेरीज १८० अंशच राहते. मुले चकित होतात. मात्र पाठ येथे संपवणे चुकीचे ठरेल. संगणकाने पुष्कळ त्रिकोण दाखवले तरी सर्व त्रिकोण दाखवलेले नाहीत. शिवाय तोही काही दशांश स्थळांपर्यंतच आकडे दाखवतो. म्हणून पडदा बंद करून पुन्हा फळ्याकडे यावे, शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढावी आणि व्युत्क्रम कोनांच्या आधारे सिद्धता मांडावी. साधनाने अनुमान बळकट केले, सिद्धता मात्र विचाराने दिली, हा भेद मुलाला कळणे हेच या पाठाचे फलित होय.

दुसरा पाठ : विद्युत परिपथ

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात विज्ञानाच्या प्रयोगांच्या संगणकीय प्रतिकृती विनामूल्य मिळतात, त्यांतील अनेक मराठीतही आहेत. पडद्यावर बॅटरी, तारा आणि दिवे जोडून परिपथ तयार करता येतो. लघुपथन झाले तर पडद्यावर ज्वाळा दिसतात, पण कोणाचा हात भाजत नाही. जेथे प्रयोगशाळेचे साहित्य अपुरे आहे, तेथे ही सोय मोलाची आहे.

तरीही पडद्यावरील तार कधी सैल होत नाही, तिला गंज चढत नाही. प्रत्यक्षातील दिवा अनेकदा पेटत नाही आणि तो का पेटला नाही हे शोधतानाच मूल खरे शिकते. म्हणून दोन सेल, थोडी तार आणि लहान दिवे एवढे साहित्य प्रत्येक गटाला द्यावे. एकसर आणि समांतर जोडणीत दिव्यांचा प्रकाश कसा राहील, याचा अंदाज आधी वहीत लिहून घ्यावा. नंतर तो पडद्यावर आणि शेवटी हाताने पडताळावा. अंदाज चुकला तर तो खोडू नये, त्याखाली कारण लिहावे.

तिसरा पाठ : वचनाची पडताळणी

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने असंख्य वचने मोबाइलवर फिरतात. त्यांतील काही त्यांची आहेत, काही बदललेली आहेत, तर काही त्यांची मुळीच नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले त्यांच्या लेखन व भाषणांचे खंड आता इंटरनेटवर उपलब्ध आहेत. अठराव्या खंडात त्यांची मराठी भाषणे आहेत. नववी-दहावीच्या मुलांना गटागटाने एकेक वचन द्यावे आणि विचारावे : हे कोणत्या भाषणात अथवा ग्रंथात आहे? दिनांक कोणता? मागची-पुढची वाक्ये वाचल्यावर अर्थ तोच राहतो काय?

येथे मुलांना एक महत्त्वाची गोष्ट उमगते. जुन्या ग्रंथांची पाने पुष्कळदा छायाचित्रांच्या रूपात चढवलेली असतात, त्यामुळे शब्द टाकून शोध घेतला तरी हाती काही लागत नाही. तेव्हा अनुक्रमणिका उघडावी लागते, भाषणाचे शीर्षक व वर्ष पाहावे लागते, पाने उलटून वाचावे लागते. जे सापडले नाही, ते ‘अद्याप सापडले नाही’ असेच नोंदवावे आणि सूचनाफलकावर लावू नये. केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून स्वीकारू नका, हा कालाम सुत्तातील उपदेश आपण परिपाठात सांगतो. मोबाइलच्या युगात त्याचा अभ्यास या पाठातून घडतो. आपल्या महापुरुषाच्या नावावर कोणीही काहीही खपवू नये असे वाटत असेल, तर ही शिस्त शाळेतच लावली पाहिजे.

शिक्षक, पालक आणि माजी विद्यार्थी

तिन्ही पाठांचा क्रम एकच आहे. आधी प्रश्न आणि मुलाचा स्वतःचा अंदाज, मग पडदा, आणि शेवटी पडद्यावाचून पडताळणी. या क्रमाला शिक्षकाची तयारी लागते. चाळीस मिनिटांच्या तासात पडदा दहा-बारा मिनिटे पुरतो, उरलेला वेळ वही, फळा आणि चर्चेचा असतो. वीज गेली तरी असा पाठ अडत नाही.

पालकांनी सुट्टीत मुलाला ‘काय पाहिलेस?’ असे न विचारता ‘काय शोधलेस?’ असे विचारावे. स्वतः न शिकलेल्या आईलाही हा प्रश्न विचारता येतो, आणि उत्तर देताना मुलाची उजळणी होते. माजी विद्यार्थी शाळेस साहित्य देऊ इच्छितात, ही मोठीच गोष्ट आहे. नवा पडदा देताना त्यासोबत इन्व्हर्टर, दुरुस्तीची तरतूद आणि विज्ञानपेटीतील सेल व तारा यांचाही विचार व्हावा. ज्यांना द्रव्य देणे शक्य नाही, त्यांनी वर्षातून एक दिवस द्यावा आणि आपल्या कामात संगणक कसा वापरतो, कोठे फसतो, खात्री कशी करतो, हे मुलांना समक्ष सांगावे. पडदा जुना होईल, मोडेल, बदलावा लागेल. विचारण्याची आणि पडताळण्याची सवय लागलेला विद्यार्थी मात्र पुढे येणाऱ्या प्रत्येक साधनाचा स्वामी होईल.