मार्जारांतील तमकश्वास : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी

रुग्ण स्वतःचे औषध घेऊन उठता उठता, "डॉक्टर, आमच्या मांजरालाही खोकला झाला आहे, एखादी पुडी देता का?" असे विचारतो, हा अनुभव शहरांतील वैद्यमित्रांना आता नवा राहिलेला नाही. प्रश्न सहज विचारलेला असतो आणि आपणही सहज उत्तर देऊन मोकळे होतो. २०१९ च्या पावसाळ्यात आम्ही तसेच केले. एका रुग्ण भगिनींचा चार वर्षांचा बोका जमिनीशी अंग चिकटवून, मान पुढे ताणून खोकत असे; पडत मात्र काहीच नसे. चाटताना पोटात गेलेले केस अडकले असावेत, असे त्यांचे म्हणणे आम्ही न पाहता मान्य केले. मधातून सितोपलादी चूर्ण आणि खोलीत कापूर व निलगिरी तेलाची वाफ, असा सल्ला दिला. त्याच रात्री बोका तोंड उघडे टाकून श्वास घेऊ लागला. पशुवैद्यकांनी त्याला प्राणवायूवर ठेवून वाचविले. तो श्वासरोगी होता. चूक आमची होती. प्रस्तुत लेख त्यानंतर केलेल्या अभ्यासाचे फलित आहे.

सुमारे १ ते ५ टक्के मांजरांत हा विकार आढळतो आणि तो बहुधा तरुण वा मध्यम वयात सुरू होतो. श्वासाबरोबर आत गेलेल्या कणांविषयी असात्म्यता, त्यामुळे श्वासनलिकांना शोथ, नलिकांचा संकोच आणि चिकट कफाचा अवरोध अशी ही संप्राप्ती आहे. चरकांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात वर्णिलेल्या तमकश्वासाशी तिचे साम्य कोणाही वैद्याच्या सहज लक्षात येईल. कफाने वायूचा मार्ग रोधला जाणे, धूळ व धूर हे हेतू, वेगाने येणारी लक्षणे आणि मधल्या काळात जवळजवळ निरोगी दिसणे, हे सारे येथे भेटते. तमकाप्रमाणेच हाही विकार बहुधा याप्य, म्हणजे दीर्घकाळ सांभाळावा लागणारा आहे.

तथापि साम्य निदानापुरते आहे. औषधयोजनेत ते नेऊ नये. मांजर हे केवळ मांसाहारावर जगणारे शरीर आहे. अनेक द्रव्यांचे यकृतात जे पचन मनुष्यात ग्लुक्युरोनिक आम्लाशी संयोग होऊन घडते, ते मांजरात अत्यंत क्षीण असते. म्हणूनच पॅरासिटामोलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. कापूर, निलगिरी व पुदिन्याचा अर्क हीही त्यास विषवत् ठरू शकतात, शिवाय उग्र वाफेने संकोच वाढतो. लसूण व कांदा रक्तकणांचा नाश करतात, तेव्हा लसूणक्षीरपाक येथे सर्वथा वर्ज्य. कनकासवात धत्तूर आहे आणि आसव-अरिष्टांत मद्यांशही आहे. चार किलो वजनाच्या प्राण्याला ते 'थोडेसे' म्हणून देता येत नाही. सोमलतेचे योगही त्याच कारणाने टाळावेत. (सितोपलादीतील साखरेने मांजर औषध आवडीने घेईल, ही कल्पनाही फोल आहे, मांजराला गोड चव कळतच नाही.) वासा हे आपल्या अभिमानाचे द्रव्य खरे, त्यातील वासिसिनवरून ब्रोमहेक्सिन निर्माण झाले हेही खरे; परंतु मनुष्याची मात्रा वजनाच्या प्रमाणात कमी केली की मांजराची मात्रा होते, हे गणित चुकीचे आहे. अश्वांसाठी शालिहोत्राची आणि गजांसाठी पालकाप्याची परंपरा आहे. मांजरासाठी तसा स्वतंत्र ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही.

पशुवैद्यक छातीचे क्ष-किरण चित्र, कृमींची तपासणी आणि प्रसंगी श्वासनलिकेतील स्रावाची परीक्षा करून निदान करतात. फुप्फुसातील कृमी, हृदयातील कृमी व न्यूमोनिया यांतही अशीच लक्षणे दिसतात, त्यामुळे केवळ वर्णन ऐकून निदान होत नाही. चित्र स्वच्छ दिसले म्हणून श्वासरोग नाही, असेही म्हणता येत नाही. चिकित्सेचा आधार स्टेरॉइड हाच आहे. आरंभी पोटातून प्रेडनिसोलोन, पुढे मुखवटा व स्पेसर यांच्या साहाय्याने फ्लुटिकासोनचा पंप. पंपाचा पूर्ण परिणाम दिसण्यास एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून गोळी लगेच बंद करीत नाहीत. साल्ब्युटामोल हे वेगाच्या वेळचे औषध. ते रोज दिल्यास शोथ वाढू शकतो. मांजराच्या श्वासनलिकांच्या संकोचात सेरोटोनिनचा वाटा मोठा असल्याने आपल्याकडील नेहमीच्या ॲलर्जीच्या गोळ्यांचाही फारसा उपयोग होत नाही.

येथे औषधविक्रेत्यांसाठी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. पशुवैद्यकाने लिहून दिलेला फ्लुटिकासोनचा पंप मागणाऱ्या ग्राहकाला "हा तर माणसांचा आहे" म्हणून परत पाठवू नये. पंप तोच, मुखवटा मात्र मांजराच्या तोंडाला बसेल असा हवा, आणि एका फवाऱ्यानंतर सात ते दहा श्वास तो धरून ठेवावा लागतो. तो शिल्लक नसल्यास त्याऐवजी साल्ब्युटामोलचा पंप देणे ही गंभीर चूक होय, कारण दोहोंचे कार्य भिन्न आहे. स्टेरॉइडची गोळी अनेक दिवस चालू असेल तर पशुवैद्यकाला विचारल्याविना ती थांबवू नये, हेही सांगावे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे कार्य आहे. प्राण्यांसाठी बनविलेली आयुर्वेदीय औषधे विकणे आणि माणसाचे कासहर सिरप मांजरासाठी सुचविणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग आपल्या हाती काय उरते? निदानपरिवर्जन उरते, आणि ते आपले शास्त्र उत्तम जाणते. उदबत्ती, धूप, ऊद, मच्छर कॉइल, सिगारेट, टाल्कम पावडर, नवा रंग, फटाक्यांचा धूर आणि मांजराच्या पेटीतील धुळकट माती यांची चौकशी आपण करावी. स्थूल मांजराचे वजन पशुवैद्यकाच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावे. मांजर गाढ झोपलेले असताना मिनिटाचे श्वास मोजण्यास धन्याला शिकवावे. ते वारंवार ३० च्या वर जात असतील तर दाखविण्यास विलंब नको. तोंड उघडे टाकून श्वास, निळसर हिरड्या किंवा पोट ओढून श्वास दिसल्यास औषध शोधत न बसता त्याच क्षणी पशुवैद्यकाकडे पाठवावे.

त्या भगिनींच्या घरी धूप व कॉइल दोन्ही बंद झाली आणि खिडक्यांना जाळी बसली. पंप सकाळ-संध्याकाळ चालू आहे. पहिला आठवडाभर मुखवटा पाहताच बोका पलंगाखाली पळे. आता खाऊच्या आशेने तो स्वतःच पुढे येऊन बसतो.