गॅदरिंगचे फोटो काढताना : हजेरीपत्रक हातात घ्या



जानेवारी आला की आपल्या शाळांत एकच धांदल असते. गॅदरिंग! नाच बसवायचे, कपडे भाड्याने आणायचे, मंडपवाल्याच्या मागे लागायचं. आणि फोटो? ते कुणीतरी काढेलच, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरून चालले होते.

मागे एका वर्षी गॅदरिंगचे तब्बल 340 फोटो माझ्या मोबाईलवर होते. एप्रिलमध्ये ऊसतोडीवरून परत आलेली एक आई शाळेत आली. मुलगी आजीकडे राहून शिकत होती, कोळीनृत्यात होती. आईने तो नाच पाहिलाच नव्हता. म्हणाली, "मॅडम, आमच्या पोरीचा एक फोटो द्या की." मी शोधायला बसले. एका फोटोत ती माईकच्या मागे, एकात हललेली, एकात मागच्या पांढऱ्या फ्लेक्समुळे चेहरा काळाठिक्कर. पाहुण्यांच्या सत्काराचे मात्र 60 फोटो, सगळे स्पष्ट! शेवटी अर्धा चेहरा दिसणारा एक फोटो दाखवून "ही बघा, इथं आहे" म्हणावं लागलं. त्या माऊलीने तोही घेतला.

तेव्हापासून गॅदरिंगला मी एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात मुलांच्या नावांची यादी घेते. ज्याचा नीट फोटो झाला त्याच्या नावापुढे खूण. सगळ्या खुणा होईपर्यंत काम संपलं नाही असं समजायचं. बाकी जे तंत्र मी शिकले ते या यादीसाठीच शिकले. महागडा कॅमेरा लागत नाही, साधा मोबाईल पुरतो.

आधी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. मोबाईलची काच पुसा. आपले हात खडूचे, तेलाचे, त्यात मेकअपची पावडर. धुरकट फोटोंचं निम्मं कारण तिथेच असतं. मऊ सुती रुमाल पुरे.

चेहऱ्याचा फोटो स्टेजवर नाही, आधी काढा

मुलं नटून तयार झाली की कार्यक्रम सुरू व्हायला बहुतेक वेळा तासभर तरी असतो, कारण पाहुणे वेळेवर येत नाहीत! हा तास सोन्याचा आहे. दिवस मावळायच्या आत वर्गाच्या दारात जा. मुलाला उंबऱ्याच्या दोन-तीन फूट आत उभं करा, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. तुम्ही बाहेर उभे राहा, पण त्याचा उजेड अडवू नका. थोडं बाजूला सरका. दारातून येणारा उजेड मऊ असतो, चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत, आणि मागे वर्गात अंधार असल्याने फळा, कपाट, पोषण आहाराच्या गोण्या काही दिसत नाही. थेट ऊन दारात येत असेल तर दुसरं दार बघा. भर उन्हात उभं केलेलं पोर डोळे बारीक करतं आणि भुवयांखाली काळे खड्डे दिसतात.

अंतर महत्त्वाचं आहे. मोबाईलची मुख्य लेन्स रुंद असते. दोन फुटांवरून फोटो काढला की नाक मोठं आणि कान गायब होतात. पाच-सहा फूट मागे या आणि दोनपट झूम करा. आणि खाली बसा! पहिलीच्या मुलाचा फोटो आपण उभ्याने काढतो तेव्हा ते आपल्याकडे मान वर करून बघतं आणि आणखीच बापुडवाणं दिसतं. मोबाईल त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. बोट स्क्रीनवर त्याच्या डोळ्यावर टेकवा, म्हणजे फोकस तिथेच बसतो.

"हस बाळा" असं म्हणू नका. तसं म्हटलं की मूल आधार कार्डाला बसल्यासारखं ताठ होतं. त्यापेक्षा त्याला काम द्या. जिजाऊ झालेल्या मुलीला तिचं पहिलं वाक्य म्हणायला सांगा, वासुदेवाला टाळ वाजवायला सांगा. वाक्य संपल्यावर ती स्वतःच हसते, "बरोबर म्हटलं ना मॅडम?" असं विचारते. फोटो तेव्हा काढायचा.

आणखी एक, हे जरा चिडूनच सांगते. मोबाईलमधला ब्यूटी मोड बंद करा. तो मुलांचा रंग उजळवतो, गाल गुळगुळीत करतो. पोर सावळं असेल तर सावळंच दिसू दे. आपण वर्गात एक शिकवतो आणि फोटोत दुसरं सांगतो, हे बरं नाही. चेहरा अंधारात जात असेल तर मुलाला उजेडाच्या आणखी जवळ आणा.

वाचनालयात मिळालं तर गौतम राजाध्यक्ष यांचं 'चेहरे' हे पुस्तक जरूर बघा. त्यातली माणसं नामवंत आहेत, आपली मुलं नाहीत. पण प्रत्येक फोटोत उजेड कुठून आला आणि नजर कुठे आहे, एवढंच शोधत पानं उलटली तरी खूप शिकायला मिळतं.

आता स्टेज

इथे खरी अडचण उजेडाची असते. मोबाईलला चेहरा कळत नाही असं नाही, पण तो सगळ्या चित्राचा सरासरी उजेड धरतो. मागे पांढरा फ्लेक्स असेल तर तो फोटो गडद करतो आणि मुलांचे चेहरे काळे पडतात. मागे काळा पडदा असेल तर उलटं, चेहरे पांढरेफटक. उपाय एकच. चेहऱ्यावर बोट टेकवायचं, दाबून धरायचं म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच अडकून राहतो, मग बाजूला दिसणारं सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवायचं. पुढच्या वर्षी फ्लेक्स छापताना मागचा रंग गडद निळा किंवा मरून घ्यायला सांगा, निम्मा त्रास तिथेच संपेल.

फ्लॅश बंद. मोबाईलचा फ्लॅश दहा-बारा फुटांपलीकडे काही करत नाही. समोरच्या रांगेतल्या पालकांची डोकी तेवढी उजळतात.

लेझीम किंवा कोळीनृत्य हललेलं येतं, कारण कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं. मोबाईलमध्ये प्रो मोड असेल तर शटर 1/250 ठेवा, आयएसओ 800 ते 1600. फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू द्या. दाणेदार फोटो आई भिंतीवर लावते, हललेला लावत नाही. पण स्वस्त एलईडी दिव्यांखाली वेगळीच गंमत होते. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात आणि फोटोत आडवे काळे पट्टे येतात. तसं झालं तर शटर 1/100 वर आणा.

1/100 वर नाच हलणार नाही का? हलेल. म्हणून क्षण निवडायचा. कुठल्याही नाचात मूल एक क्षण थांबतं. उडीच्या अगदी वर, गिरकी संपताना, लेझीम उघडून हात पसरल्यावर. हे थांबे आपल्याला पाठ असतात, कारण नाच आपणच महिनाभर बसवलेला असतो. बाहेरच्या फोटोग्राफरला हे माहीत नसतं. ठेका मनात मोजा आणि थांबा यायच्या किंचित आधी बटण दाबा, मोबाईल थोडा उशिरा फोटो घेतो. जमत नसेल तर बटण दाबून धरून सलग आठ-दहा फोटो घ्या आणि घरी जाऊन एक ठेवा.

लाल-निळ्या दिव्यांत चेहऱ्याचे बारकावे बुडतात. मंडपवाल्याला चहा पाजा आणि पुढचे दोन दिवे पांढरेच ठेवायला सांगा. तो ऐकतो.

जागाही बदलत राहा. समोर मध्यभागी बसलं की माईक आणि हनुवट्या दिसतात. स्टेजच्या बाजूला बाकावर उभं राहा. दुसऱ्या रांगेतली मुलं बाजूनेच दिसतात, आणि यादीत खूण राहिलेली मुलं बहुधा तिथेच असतात.

कार्यक्रम झाल्यावर फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकताना व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होऊन जातात आणि प्रिंट फुटते. मुलाचं नाव, गाव, शाळा लिहून उघड्यावर टाकू नका, आणि कुठेही टाकण्याआधी पालकांना विचारा. ज्यांच्या घरी मोठा मोबाईल नाही त्यांच्यासाठी मी 4 बाय 6 च्या प्रिंट काढून ठेवते. कारखाने बंद झाले की आया येतात, तोवर त्या हजेरीपत्रकातच असतात.