पाच उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे : विगमनाची पायरी



डी.एड.ला आपण सगळेच उद्गामी पद्धत शिकलो. आधी उदाहरणे, मग नियम. ३+५ = ५+३, ७+२ = २+७ अशी चार-पाच उदाहरणे सोडवून घ्यायची आणि फळ्यावर लिहायचे, ‘क्रम बदलला तरी बेरीज तीच.’ शिकवायला पद्धत चांगलीच आहे. पण एखादे मूल विचारते, “सर, सगळ्याच संख्यांना असंच होतं का?” तेव्हा काय सांगायचे?

काही ठिकाणी तपासून भागते. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ घ्या. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या वजा लहानात लहान संख्या असे करत राहा (उत्तर तीन अंकी आले तर पुढे ० धरा). जास्तीत जास्त ७ वेळांत ६१७४ येते. चार अंकी संख्या मोजक्याच, त्या एकेक तपासून संपतात.

बेरजेचा नियम मात्र न संपणाऱ्या संख्यांबद्दल आहे. तिथे उदाहरणे दगा देऊ शकतात. न×न + न + ४१ यात ‘न’ला ० ते ३९ किमती द्या, ४० वेळा मूळ संख्याच येते. ४० घातले की १६८१ येते, म्हणजे ४१×४१!

यावर उपाय म्हणजे गणिती विगमन, अर्थात इंडक्शन. तुळजापूरला मंदिराच्या पायऱ्या उतरताना पहिल्या पायरीवर पाय ठेवता येतो आणि कोणत्याही पायरीवरून पुढच्या पायरीवर जाता येते. एवढ्या दोन गोष्टी पटल्या की प्रत्येक पायरी गाठता येणार. पेआनो यांनी १८८९ मध्ये संख्यांचे नियम मांडले, त्यात हे तत्त्व आहे.

ते काढून टाकले तर? राफेल रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये विगमन नसलेली छोटी नियमावली मांडली. तिच्यात बेरजेचे दोनच नियम आहेत. संख्येत ० मिळवले तर तीच संख्या; मिळवायची संख्या एकाने वाढली तर उत्तरही एकाने वाढते. यातून ०+१=१, ०+२=२, अगदी ०+१०००=१००० सुद्धा सिद्ध होते. पण ‘०+कोणतीही संख्या = तीच संख्या’ हे एक वाक्य सिद्ध होत नाही! कारण तेच नियम पाळणाऱ्या, पण नेहमीच्या संख्यांपलीकडच्या काही ‘संख्या’ जोडता येतात आणि तिथे हे वाक्य खोटे पडते. विगमन असले की काम दोन ओळींचे:

०+० = ०.
०+न = न असेल, तर ०+(न+१) = (०+न)+१ = न+१.

थोडेसे विगमन दिले तरी पुरतेच असे नाही. फक्त समीकरणे आणि लहान-मोठेपणाच्या साध्या विधानांपुरते विगमन ठेवले, तर २चे वर्गमूळ अपरिमेय आहे हेही सिद्ध होत नाही, असे शेफर्डसन यांनी १९६४ मध्ये दाखवले.

मुलांना यातले काय द्यायचे? चिंचोके घ्या. ३×३ चा चौरस मांडा. ४×४ करायला किती लागतील? एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला ३, कोपऱ्यात १. मग विचारा, “१०×१० चा असता तर? कितीही मोठा असता तर?” मूल म्हणेल, “दोन्ही बाजूंना तेवढेच आणि कोपऱ्यात एक.” ही झाली विगमनाची पायरी. नाव सांगायची गरज नाही.

‘तपासून पाहिले’ आणि ‘सिद्ध झाले’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे मात्र तिसरी-चौथीपासूनच बोलत राहू या. घरी पालकांनीही उत्तर बरोबर आल्यावर एकदा जरूर विचारावे, “कशावरून?”