‘अभ्यासक्रम’ : एक संज्ञा, तीन निर्णय

‘नवा अभ्यासक्रम मंजूर झाला’ हे वाक्य महाविद्यालयीन व्यवहारात वारंवार ऐकू येते. परंतु नेमके काय मंजूर झाले, कोणी केले आणि कोणती जबाबदारी कोणावर आली, याचा बोध त्यावरून होत नाही. याचे कारण असे की, ‘अभ्यासक्रम’ ही एकच संज्ञा आपण तीन भिन्न गोष्टींसाठी योजतो : पदवीपर्यंत नेणारी संपूर्ण योजना, तीमधील एखादी अभ्यासपत्रिका आणि त्या पत्रिकेत नेमलेला पाठ्यांश. एखाद्या महाविद्यालयात मराठीचे पदव्युत्तर केंद्र सुरू करावयाचे आहे असे उदाहरण घेऊन हा भेद प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचा आहे.

१. परवानगी आणि संलग्नीकरण

१९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियमाने कलम ८२ व ८३ मध्ये परवानगी आणि संलग्नीकरण या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या होत्या. त्याच्या जागी आलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्येही हीच रचना कलम १०९ व ११० मध्ये आढळते. प्रस्ताव विद्यापीठाच्या बृहत् आराखड्याशी (कलम १०७) सुसंगत असावा लागतो. संस्थेचा अर्ज कुलसचिवांकडे येतो, अधिष्ठाता मंडळ त्याची छाननी करते आणि व्यवस्थापन परिषदेच्या मान्यतेने तो शासनाकडे जातो. शासनाची परवानगी मिळाल्यानंतरच संलग्नीकरणाचा प्रश्न उपस्थित होतो.

म्हणजे शासनाचा निर्णय ‘कोठे’, ‘सुरू करावे की नाही’ आणि ‘कोणत्या आर्थिक तत्त्वावर’ एवढ्यापुरता असतो. ‘काय शिकवावे’ हे अभ्यासमंडळ सुचविते आणि विद्यापरिषद मान्य करते. पदवीचे नामाभिधान मात्र विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ च्या कलम २२ च्या चौकटीत राहते.

२. संज्ञेच्या संदिग्धतेचे परिणाम

या संदिग्धतेतून दोन गैरसमज संभवतात. पहिला असा की, पाठ्यांश ‘वरून’ आला आहे. तसे मानणारा प्राध्यापक अभ्यासमंडळाकडे सूचना पाठवीत नाही आणि आपल्याच क्षेत्रातील अधिकार सोडून देतो. चंदगड वा आजरा परिसरातील बोलींचा अभ्यास पत्रिकेत यावा की नाही, हा प्रश्न मंत्रालयात सुटणारा नव्हे. तो अभ्यासमंडळातच उपस्थित व्हावा लागतो.

दुसरा गैरसमज अधिक गंभीर आहे : अभ्यासक्रम मंजूर म्हणजे अध्यापकांची पदेही मंजूर. नव्या परवानग्या दीर्घकाळ बहुतांशी कायम विनाअनुदानित तत्त्वावर दिल्या गेल्या आहेत. अशा केंद्राचा कार्यभार पुष्कळदा तासिका तत्त्वावरील अध्यापक वाहतात. संशोधन मार्गदर्शन आणि ग्रंथसंग्रह यांसाठी लागणारे सातत्य तेथे टिकणे कठीण जाते. परवानगी आरंभाला असते, निर्वाहाला नव्हे. दुर्गम तालुक्यात ‘गरज’ नोंदविणारा आराखडा त्या गरजेच्या खर्चाची हमी देत नाही, हा या प्रक्रियेतील मूलभूत विसंवाद होय.

३. ऐतिहासिक संदर्भ

मराठी विषयाला हा प्रश्न नवा नाही. मुंबई विद्यापीठाने (स्थापना १८५७) १८६० च्या दशकात देशी भाषांना वरच्या परीक्षांतून वगळले. त्यांच्या पुनःप्रवेशासाठी न्यायमूर्ती रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. तो वाद विद्यापीठाच्या सभागृहात झाला आणि त्याचा विषय भाषेची ज्ञानक्षमता हा होता. आजच्या परवानगीच्या प्रक्रियेत चर्चा मुख्यतः जागा, इमारत, विद्यार्थिसंख्या व निधी यांची होते. या बाबी आवश्यकच आहेत; परंतु विषय का शिकवावा याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

४. निष्कर्ष

संज्ञांचा काटेकोरपणा हा येथे केवळ भाषिक आग्रह नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९८९) संपूर्ण योजनेसाठी ‘शिक्षणक्रम’ ही संज्ञा वापरात आणली आहे. तिच्या जोडीला ‘अभ्यासपत्रिका’ आणि ‘पाठ्यांश’ या संज्ञा काटेकोरपणे योजल्या तर प्रत्येक निर्णयाचा कर्ता स्पष्ट होईल. शिक्षणक्रमाची परवानगी आणि त्याच्या निर्वाहाचे उत्तरदायित्व शासनाकडे मागावे. पाठ्यांशाचे उत्तरदायित्व मात्र मराठीच्या अध्यापकांनी स्वतःकडे घ्यावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार पत्रिकांची संख्या व प्रकार वाढले असताना हा विवेक अधिकच निकडीचा ठरतो.